मिठू घरचा आणि इग्वाना परका?

ठाण्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय ५२. टू बीएचके फ्लॅटमध्ये त्या, त्यांचे यजमान, ७६ वर्षांच्या मधुमेही सासूबाई आणि इंजिनिअरिंगला असलेला मुलगा राहतात. सोबत शेरू हा १२ वर्षांचा गावठी कुत्रा, मनी नावाची मांजर, सासूबाईंच्या भावाने ९ वर्षांपूर्वी गावच्या बाजारातून आणून दिलेला पोपट मिठू, आणि मुलाने दोन वर्षांपूर्वी दुकानातून आणलेला हिरवा इग्वाना, म्हणजे परदेशी मोठा सरडा, ड्रॅगो. आणला तेव्हा तो वीतभर होता, आता शेपटीसकट तीन फूट झाला आहे. ताईंची थोरली मुलगी गरोदर आहे आणि पुढच्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी येणार आहे. विहीणबाईंनी निरोप पाठवला आहे की आधी सगळी जनावरं हलवा. सासूबाई म्हणतात, "ती घोरपड बाहेर काढा, पण माझ्या मिठूला हात लावायचा नाही." मुलगा म्हणतो, ड्रॅगो गेला तर मीही हॉस्टेलला जाईन. यजमान म्हणतात, "तूच काय ते ठरव."

ताई लिहितात: "इग्वाना कुणाला तरी देऊन टाकावा आणि आपले साधे प्राणी ठेवावेत असं माझ्या मनात आहे. पण एकाला काढून बाकीच्यांना ठेवणं हा अन्याय नाही का? आणि मुलीला काय सांगू?"

ताई, मुलगी पुढच्या महिन्यात येणार म्हणजे हातात दिवस थोडे आहेत, म्हणून तातडीचं आधी सांगते. ती घरी येण्यापूर्वी ड्रॅगोची सोय दुसरीकडे व्हायला हवी. मनी आणि शेरू राहू शकतात, त्यांच्यासाठी थोडी तयारी करावी लागेल. आणि मिठूबद्दल तुम्ही मला काही विचारलेलंच नाही, पण तुमचं पत्र वाचल्यापासून माझं लक्ष त्याच्याकडेच जातं आहे.

तुम्ही घरातल्या प्राण्यांचे दोन गट केलेत. तिघे साधे, एक विचित्र. त्यावरून ठेवायचे कोण आणि घालवायचा कोण हेही जवळजवळ ठरवलंत. ही वाटणी बहुतेक घरांत होते. जो प्राणी लहानपणापासून पाहिला तो निर्धोक वाटतो, जो नवा तो घातक वाटतो. पण जनावर ओळखीचं आहे की नाही यावरून फार थोडं कळतं. त्याला जगायला काय लागतं, त्याच्याकडून कुणाला काय बाधा होऊ शकते, ते घरात ठेवायला कायद्याची मुभा आहे का आणि त्याचं सगळं करतं कोण, हे विचारलं की तुमच्या घराचं चित्र बदलतं.

ड्रॅगोपासून सुरुवात करू. तो चावेल किंवा शेपटीचा फटका मारेल ही भीती खरी आहे. वयात आलेले नर विणीच्या काळात खरोखर आक्रमक होतात. पण बाळाच्या दृष्टीने मोठा धोका साल्मोनेला नावाच्या जिवाणूचा आहे. सरडे, कासवं, साप यांच्या आतड्यात तो सहज राहतो आणि प्राणी मात्र ठणठणीत दिसतो. विष्ठेतून तो अधूनमधून बाहेर पडतो, त्यामुळे एकदा तपासणी करून "काही नाही" असा रिपोर्ट आला तरी निर्धास्त होता येत नाही. धडधाकट माणसाचं जुलाब आणि तापावर निभावतं. तान्ह्या बाळात हाच संसर्ग रक्तात उतरू शकतो, मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. त्यासाठी बाळाने इग्वानाला हात लावावा लागत नाही. ज्याने त्याला उचललं त्याचे हात, ज्या लादीवर तो फिरला ती लादी, जिथे त्याची टाकी धुतली ती मोरी, एवढं पुरतं. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी पाच वर्षांखालची मुलं असलेल्या घरात सरपटणारे प्राणी ठेवू नयेत असं सांगते. ६५ वर्षांपुढची माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी झालेली माणसंही जोखमीच्या गटात येतात. तुमच्या सासूबाई त्यात आज बसतात. म्हणजे बाळ येणार म्हणून ही अडचण उभी राहिली असं नाही, दोन वर्षं ती घरातच होती.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी ओझरत्या आल्या आहेत, त्या मला सगळ्यात जास्त खटकल्या. ड्रॅगोची टाकी तुम्ही स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुता आणि मुलगा त्याला बाथरूममधल्या टबमध्ये डुंबायला सोडतो. इग्वाना पाण्यात उतरला की बहुतेक वेळा तिथेच विष्ठा करतो. त्याच बाथरूममध्ये उद्या बाळाची आंघोळ होणार आहे. ड्रॅगो घरात आहे तोवर त्याचं काहीही ओट्याजवळ आणू नका. टाकी, वाट्या, फडकी यांना वेगळी बादली ठेवा, पाणी संडासात ओता आणि हे काम मुलाने करू द्या. डुंबायला त्याचा त्याचा टब असू दे. ड्रॅगो गेल्यावर बाथरूम, मुलाच्या खोलीची लादी, तो जिथे जिथे बसायचा ती कपाटं आधी साबणाने घासून मग जंतुनाशकाने पुसून घ्या. नुसतं जंतुनाशक मळावर टाकून उपयोग होत नाही.

हे नियम इतर वाचकांनाही लागू आहेत. हिरव्या पाठीची, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेली, नाण्याएवढी कासवं अनेक घरांत मुलांच्या टेबलावर दिसतात. त्यांच्यातही हाच जिवाणू असतो. अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवं पाळण्यासाठी विकायला १९७५ पासून बंदी आहे, कारण लहान मुलं ती तोंडात घालायची आणि आजारी पडायची. शिवाय ते कासव नाण्याएवढं राहत नाही, ताटाएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. मग ते तलावात नेऊन सोडलं जातं आणि तिथल्या देशी कासवांच्या वाट्याचं अन्न आणि जागा बळकावतं.

आता ड्रॅगोच्या बाजूने. त्याच्यावर आज घरात अन्याय होतो आहे, पण तो तुम्हाला वाटतो त्यापेक्षा वेगळा आहे. तुम्ही लिहिता, मुलगा त्याला उकडलेलं अंडं आणि पालक देतो आणि बंद स्लायडिंगच्या काचेजवळ उन्हात ठेवतो. मुलाचा जीव आहे त्याच्यावर, यात शंका नाही. पण हिरवा इग्वाना पूर्ण शाकाहारी प्राणी आहे, अंड्यातल्या प्रथिनांचा भार त्याच्या मूत्रपिंडांवर पडतो. पालकातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. आणि काचेतून ऊब आत येते, पण ड जीवनसत्त्व तयार करायला लागणारे अतिनील किरण काच अडवते. हे जीवनसत्त्व नसलं की खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ पडतात, जबडा सुजतो, पाय थरथरतात. घरी पाळलेल्या इग्वानांत हे दुखणं फार आढळतं. त्याला शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, लाल भोपळा, घेवडा असं द्यावं. रोज काही वेळ जाळीच्या पिंजऱ्यात थेट ऊन मिळावं, पण सावलीत सरकायला जागा ठेवून. नाहीतर तसे अतिनील किरण देणारा यूव्हीबीचा खास दिवा हवा. तोही दिसायला पेटता राहिला तरी त्यातले किरण सहा महिने ते वर्षभरात क्षीण होतात आणि बदलावा लागतो. पूर्ण वाढलेला नर पाच फुटांच्या पुढे जातो. त्याला साधारण सहा फूट उंच, सहा फूट लांब आणि तीन फूट खोल पिंजरा लागतो, म्हणजे मुलाच्या खोलीतली जवळजवळ एक भिंत. आणि नीट सांभाळला तर तो पंधरा ते वीस वर्षं जगतो. मुलाचं शिक्षण, नोकरी, कदाचित परगाव, कदाचित लग्न, हे सगळं त्याच काळात येणार आहे.

म्हणून इथे दोन वेगळे निर्णय आहेत, त्यांची सरमिसळ करू नका. पहिला निर्णय आजचा: मुलगी आणि बाळ घरात असेतो ड्रॅगो दुसरीकडे. यात घासाघीस नको. "खोलीचं दार बंद ठेवू" हा तोडगा टू बीएचकेमध्ये, सामाईक बाथरूममध्ये टिकत नाही. मुलाचा एखादा मित्र, ज्याच्या घरी लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस नाही आणि ज्याला हा प्राणी सांभाळता येतो, असा शोधायला मुलालाच सांगा. खर्च मुलाने आणि तुम्ही मिळून द्या. दुसरा निर्णय पुढचा: बाळ-बाळंतीण परत गेल्यावर ड्रॅगो या घरात परत यावा की कायमचा जाणत्या माणसाकडे जावा. त्यासाठी मुलाला मुदत द्या आणि अट ठेवा. पिंजरा, दिवा, योग्य आहार आणि सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्य याची सोय त्याने करून दाखवावी. आजीच्या तब्येतीचा प्रश्न आणि बाळाच्या येण्याजाण्याचा प्रश्न मात्र तेव्हाही उरेलच, हे त्याला आजच स्पष्ट सांगा. "थोडेच दिवस आहेत रे" असं सांगून प्राणी कायमचा घालवला तर तो तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही.

कागदपत्रांचंही पाहा. हिरवा इग्वाना सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम ४९एम आलं. त्यानुसार अशा प्राण्याचा ताबा, हस्तांतरण, जन्म आणि मृत्यू यांची नोंद करावी लागते. त्याचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाले आणि नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते. तुमच्याकडे दुकानाचं बिलसुद्धा नाही. मुलाला म्हणावं, वनखात्याच्या वन्यजीव कार्यालयात जाऊन राहिलेल्या नोंदणीची चौकशी कर, आणि ती झाल्याशिवाय ड्रॅगो कायमचा कुणाच्या हवाली करू नकोस. आणि कुणी कितीही सुचवलं तरी त्याला येऊरच्या जंगलात सोडू नका. एक तर तो तिथे मरेल, किंवा जगला तर इथल्या झाडापाल्याला आणि जीवांना जड जाईल. फ्लोरिडात आणि तैवानमध्ये सोडून दिलेले, पळालेले इग्वाना आज हजारोंनी वाढले आहेत.

आता मिठू.

ताई, रानात दिसतो तो गळ्यात गुलाबी-काळी कंठी असलेला आपला पोपट घरात पाळणं बेकायदेशीर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. भारतीय पोपटांची खरेदी, विक्री आणि पिंजऱ्यात ठेवणं, तिन्हीला मनाई आहे, आणि शिक्षेत कैद आणि दंड दोन्हींची तरतूद आहे. तुमच्या घरात नोंद करून कायद्याने राहू शकेल असा प्राणी तो इग्वाना आहे. मिठूची नोंद होऊच शकत नाही. ९ वर्षं झाली, प्रेमाने सांभाळला, विकत आम्ही घेतला नाही, यातल्या कशानेही ते बदलत नाही.

कायद्यामागचं कारणही पाहण्यासारखं आहे. हे पोपट पिंजऱ्यात जन्मत नाहीत. झाडाच्या ढोलीत हात घालून डोळे नुकते उघडलेली पिल्लं काढली जातात, टोपलीत कोंबून नेली जातात, आणि बाजारात पोचेपर्यंत त्यांतली कितीतरी मरतात. कधी ढोलीसाठी फांदीच तोडतात, म्हणजे पुढच्या वर्षीचं घरटंही गेलं. जो मिठू आपल्याला "लहानपणापासून माणसाळलेला" वाटतो त्याच्यामागे हे सगळं असतं. पुढे थव्याने राहणारा, संध्याकाळी शेकडोंच्या कलकलाटात झाडावर उतरणारा हा पक्षी वीस-पंचवीस वर्षं एकटा एका दांडीवर काढतो.

मिठूने छातीवरची पिसं उपटून घेतली आहेत आणि सासूबाई त्याला पंखझड म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. पंखझडीत जुनं पीस गळून नवं येतं, उघडी कातडी दिसत नाही. पोपट स्वतःची पिसं ओढतो ते एकटेपणाने, भीतीने, चुकीच्या आहाराने किंवा आजाराने. त्याचा पिंजरा ड्राय बाल्कनीत आहे आणि मनी तासन्‌तास खाली बसून त्याच्याकडे पाहते, हे वाचून मला त्याचा दिवस कसा जात असेल ते कळलं. मनीने त्याला आजवर काही केलं नाही हे खरं. पण ज्याला उडून जाता येत नाही त्याच्यासमोर शिकारी रोज येऊन बसतो. मांजराच्या तोंडात आणि नखांत असलेल्या जिवाणूमुळे पक्ष्याला लागलेला बारीक ओरखडाही एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकतो, म्हणून तसं काही झालं तर जखम छोटी दिसते म्हणून थांबू नका, तडक डॉक्टरकडे न्या. आणि स्वयंपाकघर शेजारीच आहे तर नॉनस्टिक तवा रिकामा तापू देऊ नका. त्याच्या लेपाचा धूर माणसाला जेमतेम जाणवतो, पक्षी मात्र काही मिनिटांत मरतो.

मिठूला सोडायचं म्हणजे पिंजऱ्याचं दार उघडायचं, असं मुळीच नाही. ज्याने ९ वर्षं वाटीतली भिजवलेली डाळ आणि मिरची खाल्ली, त्याच्या पंखांत ताकद नाही आणि त्याला अन्न शोधता येत नाही. कावळे त्याला तासाभरात गाठतील. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे. तिथे किंवा वन्यपक्ष्यांवर उपचार करणाऱ्या परवानाधारक केंद्रात स्वतःहून फोन करा. तिथे तपासणी होते. जो पक्षी पुन्हा जगू शकेल त्याला मोठ्या पिंजऱ्यात इतर पोपटांबरोबर उडायला लावून तयार करतात. जो जगू शकणार नाही तो निदान आपल्या जातीच्या सोबतीत राहतो. मनात धाकधूक असेल तर आधी एखाद्या ओळखीच्या वकिलाशी बोलून घ्या. पण कुणी तक्रार केल्यावर दार वाजण्यापेक्षा आपण होऊन पुढे जाणं केव्हाही बरं.

हे सासूबाईंना सांगणं ड्रॅगोला हलवण्यापेक्षा अवघड आहे, मला कल्पना आहे. दुपारी सगळे बाहेर असताना त्या ज्याच्याशी बोलतात, तो मिठू आहे. त्यांना कायदा दाखवून गप्प करू नका आणि त्या देवळात गेल्या असताना पिंजरा हलवण्याचा तर विचारही करू नका. आधी त्याच्या उघड्या छातीबद्दल बोला. पक्ष्यांच्या डॉक्टरकडे त्यांना बरोबर घेऊन जा. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल जुनं आणि नावाजलेलं आहे, पण संरक्षित पक्षी आहे म्हटल्यावर आधी वनखात्याशी बोलून मगच नेलेलं बरं. "त्याला दुखतंय" हे त्यांना "ते बेकायदेशीर आहे" यापेक्षा लवकर पटेल. आणि मिठू गेल्यावर त्यांच्या दुपारचं काय, याचं उत्तर घराने आधीच शोधून ठेवायला हवं. नातवाने रोज ठरलेल्या वेळी त्यांच्याजवळ बसणं हे त्यातलं पहिलं. नातीचं बाळ येणार आहे म्हणून "आता करमेल तुम्हाला" असं मात्र म्हणू नका. एका जिवाच्या जागी दुसरा जीव असा बसवता येत नाही.

मिठू घरात आहे तोवर त्याचा पिंजरा मुलीने साफ करू नये. पोपटांच्या सुकलेल्या विष्ठेच्या धुळीतून सिटॅकोसिस नावाचा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो आणि गरोदरपणात तो जास्त त्रासदायक ठरतो. कागद आधी पाण्याने भिजवून मग काढावा, कोरडा झाडू नये.

मनीबद्दल विहीणबाईंना जे सांगायचं ते सोपं आहे. गरोदर बाईने मांजरापासून सावध राहावं यात तथ्य आहे, मांजर घराबाहेर काढावं यात नाही. टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून येतो, पण ताज्या विष्ठेतून लागण होत नाही. त्याला संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मातीचा ट्रे रोज साफ करायचा आणि तो मुलीने नाही, दुसऱ्या कुणी तरी करायचा. कच्चं मांस मनीला देऊ नका. मुलीनेही अर्धकच्चं मांस टाळावं, भाज्या नीट धुवाव्यात, कुंडीतली माती हातमोज्यांशिवाय उकरू नये, कारण लागण बहुधा याच वाटांनी होते. मांजर बाळाचा श्वास ओढून घेतं असं जुन्या बायका सांगतात, ते खरं नाही. पण मांजराला ऊब आवडते आणि पाळणा उबदार असतो. तान्ह्याला स्वतःहून बाजूला सरकता येत नाही, त्यामुळे मनी शेजारी येऊन झोपली तरी धोका आहे. बाळाच्या खोलीचं दार मनीसाठी आतापासूनच बंद करा. बाळ आल्यावर केलं तर ती दारावर ओरखडत बसेल. पाळणा रिकामा असतानाच तिला त्यात बसायची सवय लागू देऊ नका.

शेरूकडे सगळ्यांचं दुर्लक्ष झालंय, कारण तो कुणाला काही म्हणत नाही. पण पाठीला हात लावला की हल्ली गुरगुरतो, असं तुम्ही एका ओळीत लिहिलंत. १२ वर्षांच्या कुत्र्याने अचानक गुरगुरणं म्हणजे बहुधा दुखणं असतं, सांध्यांचं, कमरेचं, नाहीतर कान-डोळे मंद झाल्याने दचकणं. त्याला याच आठवड्यात पशुवैद्याकडे न्या. दुखणं कमी झालं तर निम्मी काळजी मिटेल. रेबीजची लस चालू वर्षाची आहे ना पाहा, जंताचं औषध द्या. गुरगुरला म्हणून त्याला रागावू नका, ती त्याची सूचना आहे. सूचना देणं बंद झालं तर तो थेट चावेल. बाळाला आणण्याआधी बाळाचं वापरलेलं दुपटं हॉस्पिटलमधून घरी पाठवा आणि त्याला वास घेऊ द्या. फिरायला नेण्याची वेळ, त्याची झोपायची जागा, जे काही बदलायचं ते मुलगी येण्याआधी बदला, म्हणजे सगळे बदल बाळाबरोबर आले असं त्याला वाटणार नाही. आणि कितीही गरीब कुत्रा असला तरी बाळ आणि तो खोलीत दोघेच, असं एक मिनिटही नको. पुढे कधी दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टर गाठायचा, लस दिलेला कुत्रा असला तरी.

बाळंतिणीच्या खोलीत ओवा-वावडिंगाची धुरी करायचा बेत असेल तर तो सोडा. बाळाच्या फुप्फुसांना धूर नको, आणि मिठू तेव्हा घरात असेल तर त्यालाही नको.

एक गोष्ट उरते, आणि ती तुम्ही तक्रार म्हणून लिहिली नाहीत. शेरूला फिरवणं, मनीचा ट्रे, मिठूचा पिंजरा, ड्रॅगोची टाकी, सासूबाईंची इन्सुलिनची वेळ, हे सगळं तुमच्या दिवसात आहे. त्यात आता बाळंतीण आणि बाळ येणार. प्राणी प्रत्येकाचे वेगवेगळे आहेत, करणारी मात्र एकटी तुम्ही. "तूच काय ते ठरव" असं यजमान म्हणाले तेव्हा त्यांनी तुमच्या मताचा मान राखला असं मला वाटत नाही. मुलाला आणि सासूबाईंना नाराज करायचं कामही त्यांनी तुमच्यावर सोपवलं. हा निर्णय त्यांनी तुमच्या शेजारी बसून सांगितला पाहिजे, आपल्या आईला त्यांनी आणि मुलाला दोघांनी मिळून. अन्यायाबद्दल विचारलंत, तर एकाला हलवणं आणि दुसऱ्याला ठेवणं हा अन्याय नाही. चौघांना चार वेगळ्या गोष्टी हव्या आहेत. चौघांना एकच नियम लावला तर मात्र कुणाचे तरी हाल होतील, आणि आज होताहेतच.

मुलीला सगळं खरं सांगा. ड्रॅगो जातोय, घर धुऊन घेतोय, मनीचा ट्रे भाऊ साफ करणार, शेरूची तपासणी झाली, मिठूबद्दल वनखात्याशी बोलणं चालू आहे. तिने पुढच्या तपासणीत तिच्या डॉक्टरांना घरातल्या चारही प्राण्यांची नावं घेऊन सांगावं आणि ते काय म्हणतात ते विहीणबाईंच्या कानावर तिच्या नवऱ्याने घालावं. एवढं करूनही तिचं मन तयार नसेल तर तिने माहेरी यायलाच हवं असं नाही. तुम्ही तिच्याकडे जाऊन राहू शकता. बाळंतपण माहेरीच व्हावं हा आग्रह तिच्या सोयीसाठी असतो. तिला तिच्या घरी जास्त निर्धास्त वाटत असेल तर सोय तिथे आहे.

तुम्ही गेलात काय किंवा ती आली काय, दोन्ही वेळा शेरूची गोळी, मनीचा ट्रे आणि सासूबाईंचं इन्सुलिन मुलाला आणि यजमानांना यायला हवं. येत्या रविवारपासून एकेक काम त्यांच्या हातात द्या. पहिले काही दिवस शेजारी उभ्या राहा, चुकलं तर सांगा, पण हातातून काढून घेऊ नका.